"इंग्लिश येत नाही का अजून तिला?"

आज इथे इंग्लंडमध्ये आमच्या मंडळाच्या गणपतीचं जेवण होतं. मसालेभात, मठ्ठा, जिलबी, सगळं झकास. ताट घेऊन रांगेत उभी होते, तर ओळखीतले एक काका भेटले. लेकीची चौकशी केली. म्हटलं, इयर थर्टीनला आहे, ए-लेव्हलचं शेवटचं वर्ष. विषय काय? इंग्लिश लिटरेचर, हिस्ट्री, मॅथ्स. काका हसले आणि मोठ्यांदा म्हणाले, "इंग्लिश? इथेच जन्मली ना ती? येत नाही का अजून तिला?"

आजूबाजूचे खो-खो हसले. मीही हसले, कारण हातात ताट होतं आणि समोर बाप्पा होते. घरी आल्यापासून डोकं भणभणतंय. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवते.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. इथे सोळाव्या वर्षी बहुतेक मुलं तीनच विषय निवडतात आणि दोन वर्षं तेच घोटतात, हीच ए-लेव्हल. इंग्लिश भाषा सगळ्यांना सक्तीची असते ती त्याआधीच्या जीसीएसई परीक्षेला, ती कधीच मागे पडली. हे त्याच्या पुढचं. दोन वर्षांचं सगळं शेवटी एकदम परीक्षेला. तिच्या बोर्डाचा पहिला पेपर तीन तासांचा. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' नाटक महिनोन् महिने शिकायचं, पण परीक्षेत पुस्तक हातात नाही. एक उतारा छापून देतात, बाकी अख्खं नाटक डोक्यात पाहिजे. त्याच पेपरात कधी न पाहिलेल्या दोन कविता पुढे टाकतात, करा तुलना! शिवाय दोन पुस्तकं घेऊन अडीच हजार शब्दांचा निबंध लिहायचा, त्यातलं एक पुस्तक १९०० च्या आधीचं. इंग्लिश येत नाही म्हणून हे करतं का हो कोणी?

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. आई सांगलीला असते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू होता आणि लेक टेबलावर पुस्तक पसरून बसली होती. पानापानाला रंगीत चिकटपट्ट्या, समासात पेन्सिलीनं बारीक किडमिडं अक्षर. आईनं विचारलं, काय वाचतेस? हिनं मोडक्या मराठीत ऑथेल्लोची गोष्ट सांगितली. बायकोच्या हरवलेल्या रुमालावरून ऑथेल्लो तिच्यावर संशय घेतो, तिथपर्यंत आली तशी आई म्हणाली, "अगं, हा तर आपला झुंझारराव!" नाटककार गो. ब. देवलांनी १८९० साली याच नाटकावरून 'झुंझारराव' केलं. देवल हरिपूरचे, म्हणजे सांगलीकरांना घरचेच. आईचे वडील त्या नाटकातले उतारेच्या उतारे म्हणून दाखवायचे. पोर थक्क. तिला वाटत होतं, शेक्सपिअर आजीला तीच सांगतेय.

पण खरी गंमत पुढे आहे, येतेच त्याच्यावर.

आपण सगळे साहित्य संमेलनाच्या बातम्या शेअर करतो. ग्रंथदिंडीत नऊवारी नेसून फोटो काढतो. 'वाचन संस्कृती' म्हणताना गळा दाटून येतो आपला. आणि घरातलं पोर साहित्य शिकते म्हणालं की घरात सुतक! तेव्हा फक्त मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री. इकडे या विषयाची अवस्था तशीही बिकट आहे. शेफील्ड हॅलम युनिव्हर्सिटीनं २०२२ मध्ये इंग्लिश लिटरेचरची स्वतंत्र डिग्री थांबवायचं ठरवलं. लेकीच्या शाळेत वर्ग इतका लहान झालाय की पुढच्या वर्षी चालवायचा की नाही यावर खल सुरू आहे. मॅथ्सला मात्र वर्ग ओसंडून वाहताहेत आणि त्यात निम्मी आपलीच मुलं. त्यातल्या किती जणांना मॅथ्स आवडतं, हे त्यांच्या आयांनी मनाशी विचारून बघावं.

हो, मान्य आहे, वर्षाला साडेनऊ हजारांहून जास्त पौंड फी भरून पुढे नोकरी कसली, हा प्रश्न मलाही पडतो. रात्री दोनला पडतो. असो.

तर आई. नाटकातली एमिलिया म्हणजे ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डेमोनाची सखी आणि कपटी इयागोची बायको. वर्गात सगळ्यांची लाडकी. नवऱ्यांना खडे बोल सुनावते, शेवटी इयागोचं पितळ उघडं पाडते आणि त्यात जीव गमावते. लेक तिच्याबद्दल भरभरून सांगत होती. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण रुमाल हिनंच उचलून नवऱ्याला दिला ना? मग ती पोरगी शोधत होती तेव्हा हिचं तोंड शिवलं होतं का?"

लेकीनं भराभर पानं उलटली. तिसऱ्या अंकात डेस्डेमोना सरळ विचारते, रुमाल कुठे हरवला असेल गं? आणि एमिलिया म्हणते, मला नाही माहीत, बाईसाहेब. धडधडीत खोटं! पोरीनं तिथे एक नवीन पट्टी चिकटवली. पुढच्या निबंधात तिनं आजीचा मुद्दा मांडला की शेवटचं धाडस खरं, पण त्याआधीचं गप्प बसणंही एमिलियाचंच. या विषयात वेगवेगळे अन्वयार्थ मांडायला वेगळे मार्क असतात. बाईंनी समासात लिहिलं, हे कुठे वाचलंस? हिनं खाली लिहिलं, आजी, सांगली.

चहा टाकून आले. राग जरा उतरलाय.

काकांचं म्हणाल तर माणूस वाईट नाही. सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून आले. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, पेशंट उच्चारांना हसायचे, म्हणून हॉस्पिटलच्या खोलीत रात्री आरशासमोर उभे राहून फोनवर बोलायची वाक्यं घोकायचे. त्यांच्यासाठी इंग्लिश म्हणजे रोजची परीक्षा होती. हे आठवलं की घशाशी येतं काहीतरी.

पण काका, मग तर आपल्यातली एक पोर त्याच भाषेतल्या सगळ्यात मोठ्या नाटककाराला उलटतपासणीला उभं करते, याचा सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला व्हायला हवा होता. तुम्ही जिलबी खात हसलात. आणि ती माझ्या मागेच उभी होती हो! मराठी बोलताना अडखळते, पण कळतं तिला सगळं. परत येताना गाडीत मला म्हणाली, मम्मा, काकांना मेडिसिन हे उत्तर हवं होतं ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग पुढच्या वेळी तेच सांग, जेवण लवकर मिळेल.

मी नाही सांगणार. विसर्जनाला पुन्हा भेटणार आहोत सगळे, आणि मी इंग्लिश लिटरेचर असंच सांगणार, तेही काकांपेक्षा मोठ्या आवाजात.

आणि हो, 'प्लॅन बी काय' हे विचारायला इनबॉक्समध्ये येऊ नका. सकाळपासून दोघींना गोड उत्तर दिलंय, आता गोडवा संपलाय.