हेवी लायसन हातात, घाट देवाच्या भरवशावर

हेवीची, म्हणजे अवजड गाडीच्या लायसनची टेस्ट कशी होते ते ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी एकदा जाऊन बघाच. सपाट मैदान. मोटार ट्रेनिंग स्कूलची सहा टायरची जुनाट गाडी. रिकामी, हौद्यात एक वीटसुद्धा नाही. पोरगा केबिनमध्ये चढतो, शेजारी स्कूलचे मास्तर. गाडी डबल कंट्रोलची, त्यामुळे मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. पहिला टाक, दुसरा टाक, थोडं पुढं घे, थोडं रिव्हर्स मार, उतर. चला, पुढचा कोण? तिसरा गिअर पडायच्या आत परीक्षा आटोपलेली असते आणि आरटीओच्या साहेबांची मान कागदातून वर आलेली नसते.

झाला हेवी ड्रायव्हर. आता याच लायसनवर तो सहा टायर चालवू शकतो, चौदा टायर चालवू शकतो आणि ५५ टनांचा ट्रेलरही ओढू शकतो. पूर्वी कायद्यात मध्यम, अवजड, मालवाहू, प्रवासी असे वेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीत ते सगळे 'ट्रान्सपोर्ट' नावाच्या एकाच गाठोड्यात बांधून टाकले. मागचा ट्रेलर रिव्हर्सला उलट्या बाजूला जातो, वळणावर घडी घालतो, हे या पोराला कुणी शिकवायचं? किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, म्हणून दोन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या असतील तर ठीक, नाहीतर पहिल्या खेपेला तो आणि त्याचं नशीब.

आता माझ्या भाच्याची गंमत ऐका. विशी पूर्ण, कारचं लायसन काढून वर्ष उलटलेलं, म्हणजे नियमात बसतो. वर डोक्यात खूळ, की सगळं सरळ मार्गानं करायचं. आधी मेडिकल, नमुना १-अ. डॉक्टरांनी नाव विचारलं, वय विचारलं, शिक्का मारला. डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर होता, त्याच्यावर कॅलेंडर लटकवलेलं! मग फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला. नियमात तीस दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान पंधरा तास लिहिलेत. स्कूलवाला म्हणतो, "मामा, दाखला देतो की, पोराला कशाला पाठवताय?" मी म्हटलं, अरे त्याला शिकायचंय. तर म्हणे, "शिकायचं असेल तर डिझेलचे वेगळे पडतील."

वेगळे! म्हणजे फी होती कशाची? सहीची?

टेस्टच्या तारखेचं तर विचारूच नका. पोर्टल उघडलं की स्लॉट फुल्ल. दुसऱ्या दिवशी उघडलं, फुल्ल. रात्री बाराला उठून बसलं, साइट गिरक्या घेत बसते. आणि गेटबाहेर स्कूटीवर बसलेल्या एजंटाकडे? "परवा चालेल का?" माणूस प्रामाणिक राहिला तर खेटे मारून चपला झिजवतो, नाही राहिला तर परवा. वरून आम्हालाच भिंतीवर पाटी वाचायला लावतात, 'मध्यस्थांपासून सावध राहा'.

हे सगळं मी कशाला बोंबलतोय? रोज पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतो म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उतारावर एका अवजड गाडीनं पुढच्या गाड्यांची रांगच्या रांग उडवली. ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. सगळे त्या ड्रायव्हरवर तुटून पडले. पडायलाच हवं होतं. पण इंजिन बंद केलं की हवेचा कॉम्प्रेसर बंद होतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते आणि नवी भरत नाही, हे त्याला कुणी कधी शिकवलं होतं का? न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना लावायचा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग तोडणारा ब्रेक, वापरायचा, ही अवजड गाडीची बाराखडी. सपाट मैदानावर रिकाम्या गाडीच्या टेस्टमध्ये यातलं काय तपासणार, कप्पाळ? अपघात झाला की लगेच उपाय सुरू: रम्बलर टाका, कॅमेरे बसवा, वेगमर्यादेचा बोर्ड लावा. बोर्ड वाचून ब्रेकमध्ये हवा भरते का?

आणि हो, अपघात झाला की टीव्हीवर एक शहाणा हमखास बोलतो, "हे अडाणी लोक, आठवी पासची अट काढली तिथंच चुकलं." ती अट २०१९ मध्ये काढली ते बरंच झालं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं आणि त्यांची गाडी वरंधा घाटात कधी गरम झाली नाही. आठवी पासाचा दाखलाही त्याच एजंटाकडे मिळायचा, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

बरं, जमतच नाही असंही नाही. एसटीत चालक व्हायचं तर भोसरीच्या सीआयआरटीत, म्हणजे केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेत, संगणकीय ट्रॅकवर चाचणी द्यावी लागते. तिथं मास्तरचा पाय नाही आणि सेन्सरला चहा पाजता येत नाही. मग टँकर, कंटेनर, डंपर चालवणाऱ्याला हे का नको? तो काय वेगळ्या रस्त्यानं जातो? आपल्या कारच्या मागंच असतो तो. एक उताराचा ट्रॅक बांधा, गाडीत खडी भरा, पोराला खाली आणायला सांगा. पैसा नाही म्हणू नका, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची फी कुठं जाते ते आम्हालाही कळू द्या.

पण नाही. पुढचा अपघात होईल, 'चालकाचे नियंत्रण सुटले' एवढी एक ओळ छापून येईल आणि ड्रायव्हर आत जाईल. त्याचे डोळे न बघता शिक्का मारणारा डॉक्टर, न शिकवता फॉर्म ५ देणारा स्कूलवाला, मान वर न करता पास करणारा साहेब, यातल्या एकालाही जबाबासाठी पोलीस चौकीत बसवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.