वेळेअभावी फक्त निष्कर्ष सांगा

आज सकाळी एका कॉलेजमधून फोन आला, परिषदेत सत्राध्यक्ष व्हा म्हणून. एक दिवसाची राष्ट्रीय परिषद, विषय ‘भारतीय लोकशाही : समस्या, आव्हाने आणि उपाय’. माझ्या सत्राला सव्वा तास आणि पेपर 31. म्हटलं, सर, एवढे पेपर मी वाचणार कधी? तर म्हणे, ‘वाचायचे कुठे मॅडम, दोन-दोन मिनिटं द्यायची. जेवणाच्या आधी आटपायचंय.’

डोकंच फिरलं.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं मनोगत, संस्थेच्या अध्यक्षांचं त्याहून लांब मनोगत. बीजभाषण करणाऱ्यांना गाडी गाठायची घाई. आणि राज्यशास्त्रात पीएचडी करणारी पोरं, गावोगाव हिंडून मुलाखती घेतलेली, नोंदणीचे 1200 रुपये भरून रात्रभर एसटीत बसून आलेली, त्यांच्या वाट्याला काय? ‘वेळेअभावी फक्त निष्कर्ष सांगा.’

हे मीही ऐकलंय. माझा पेपर महिला सरपंचांवर होता. शीर्षक वाचलं आणि घंटी वाजली. निष्कर्ष सांगितला, टाळ्या पडल्या, कोरं प्रमाणपत्र हातात आलं, नाव आपलं आपण लिहायचं. नंतर जेवणाच्या रांगेत मागे एक निवृत्त सर उभे होते. ताट हातात धरून म्हणाले, ‘ठरावाखाली बाईंची सही आहे, ठीक. पण इतिवृत्त लिहितं कोण? आणि कधी, सभेत की नंतर?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण अख्ख्या दिवसात मला विचारलेला तो एकमेव प्रश्न होता.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2016 च्या पीएचडी नियमावलीत प्रबंध जमा करण्याआधी परिषदांत दोन पेपर वाचणं आणि एक शोधनिबंध छापणं सक्तीचं होतं. हेतू चांगला असेलही. पण त्यातून बाजार उभा राहिला. 2022 च्या नियमावलीने सक्ती काढली, बाजार मात्र उठला नाही. कसा उठेल? नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या फायलीला परिषद लागते, प्राध्यापकांच्या बढतीला लागते, मुलाखतीला जाणाऱ्या पोराच्या बायोडेटाला प्रमाणपत्र लागतं. सगळ्यांचं भागतं, शिकायचं तेवढं राहून जातं.

हो, लहान गावातल्या कॉलेजने परिषद घेतलीच नाही तर तिथल्या मुलांना बाहेरचा अभ्यासक दिसणारही नाही, कबूल. आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) अनुदानावर होणाऱ्या दहा दिवसांच्या संशोधन पद्धती कार्यशाळांत काही जण जीव ओतून शिकवतात, तेही कबूल. पण शोधपत्रिकेकडून पेपर परत आला तर परीक्षकाच्या शेऱ्यांना उत्तर कसं लिहायचं, हे किती जणांना शिकवलंय? सरपंच बाईंची मुलाखत घेताना नवरा शेजारी खुर्ची ओढून बसला आणि तोच उत्तरं द्यायला लागला, तर काय करायचं? माझ्या पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये नमुना निवडीचे प्रकार पाठ करून घेतले होते. नवऱ्याचा प्रकार त्यात नव्हता.

त्या सरांच्या प्रश्नापायी मी परत गावात गेले. ग्रामसेवकांनी कुरकुरत प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, वही काढली. लागोपाठच्या सभांखाली बाईंच्या सह्या, सगळ्या एकाच शाईत, एकसारख्या तिरक्या. बाईंना विचारलं तर हसल्या. ‘ग्रामसेवक भाऊसाहेब वही घरीच आणतात की. एकदमच करून टाकते.’ माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तिथून सुरू झालं. सरांना ते कधी सांगायचं राहूनच गेलं, आता ते नाहीत.

असो. मी सत्राध्यक्ष होणार नाही, तसं कळवलंय. आमच्या भागातल्या राज्यशास्त्राच्या संशोधकांनो, विद्यापीठ कुठलंही असो, येत्या शनिवारी दुपारी माझ्याकडे या. एकाने आपलं एक प्रकरण आधी पाठवायचं, बाकीच्यांनी वाचून यायचं, मग दोन तास फक्त प्रश्न. गाईड रागावले तर माझं नाव सांगा. शुल्क नाही, किट नाही, सत्कार तर नाहीच. डबा आपापला आणा, चहा मी करेन. पहिला नंबर कोणाचा ते खाली कमेंटमध्ये ठरवा. आणि प्रमाणपत्र मिळेल का असं जो विचारेल, त्याला चहासुद्धा नाही.