रुळांखालची माती कोणाच्या नावावर?

रेल्वेच्या पडीक जागेचा विषय कोल्हापुरात निघाला की चर्चा दोन मिनिटांत बाग, जॉगिंग ट्रॅक किंवा पार्किंग यांवर जाऊन थांबते. जागा किती गुंठे आहे, रस्ता कुठून काढायचा, नाव कोणाचे द्यायचे, या सगळ्यावर हिरिरीने वाद होतात. पण तिथली माती कशी आहे, हा प्रश्न एकाही बैठकीत मी अद्याप ऐकलेला नाही. शहरातील अमुक एक जागा दूषित आहे असा माझा आरोप नाही, कारण तपासल्याशिवाय तो कोणालाच करता येणार नाही. माझा आग्रह आहे तो तपासणीच्या वेळेबद्दल. अशी जागा सार्वजनिक वापरासाठी घेताना हस्तांतराच्या कागदावर सही होण्याआधी तिची माती तपासली गेली पाहिजे, कारण एकदा सही झाली की साफसफाईचा खर्च ती घाण करणाऱ्याकडून वसूल करणे फार अवघड होते आणि तो मुकाट्याने घरफाळा भरणाऱ्यांच्या माथी येतो.

हे मला सुचण्याचे कारण ताम्हणाचे एक झाड आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका मोकळ्या जागेवर लहानशी बाग झाली. झाडे लावण्याच्या दिवशी मी पहारीने खड्डा घेत होतो. वरची तांबडी माती दीड-दोन फुटांवर संपली आणि खाली काळा, चिकट थर लागला. त्यात जळक्या कोळशाचे सच्छिद्र खडे होते आणि गॅरेजच्या दारात येतो तसा जळक्या तेलाचा वास होता. हा भराव कुठून आणला, असे मी कामावरच्या सुपरवायझरना विचारले. ते शांतपणे म्हणाले, “वर दोन फूट तांबडी माती पडली की खालचं कुणाला दिसतंय, सर?” त्या खड्ड्यात लावलेले ताम्हण पहिल्याच उन्हाळ्यात वाळले. ते मातीमुळे वाळले की पाण्याअभावी, हे मी सांगू शकत नाही. मात्र सुपरवायझरांचे उत्तर माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

रेल्वेच्या जागेबाबत ही शंका अधिक रास्त ठरते. कोल्हापूर संस्थानाने बांधलेला मिरज-कोल्हापूर मार्ग 1891 मध्ये सुरू झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, 1895 मध्ये, शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरीची गूळपेठ वसवली आणि मालधक्क्याभोवती हे शहर वाढत गेले. 1971 पर्यंत मीटरगेज, नंतर ब्रॉडगेज, आधी कोळसा, मग डिझेल आणि आता वीज, एवढी स्थित्यंतरे या मार्गाने पाहिली आहेत. यातील प्रत्येक टप्पा कुठल्याही यार्डाच्या जमिनीत आपली खूण ठेवून जातो. वाफेच्या इंजिनांची राख जिथे झाडली जाते तिथे सोमल (आर्सेनिक) आणि शिसे साचू शकते. इंधन भरण्याच्या जागी डिझेल आणि वंगण झिरपते. जुन्या रंगांत शिसे असे, तर जुन्या बॉयलरच्या आवरणात आणि ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस.

रुळांखालच्या लाकडी स्लीपरचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण तो आपल्या घरांत शिरलेला आहे. सिमेंटचे स्लीपर आल्यावर जुने लाकडी स्लीपर भंगारात निघाले आणि लोकांनी त्यांची गोठ्याची मेढ, फाटकाचे खांब, अंगणातील बाकडी केली. वाळवी लागत नाही म्हणून त्यांचे मोठे कौतुक होते. वाळवी लागत नाही, कारण ते लाकूड दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या क्रिओसोट तेलात मुरवलेले असते, आणि त्या तेलातील काही घटक कर्करोगाला कारणीभूत ठरतात. आमच्या अंगणातही असे एक बाकडे होते. एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या भेगांतून काळे थेंब पाझरत आणि आम्हा मुलांच्या चड्डीला लागलेला तो डाग रॉकेलनेच निघे. एका बाकड्याची ही कथा असेल, तर शेकडो स्लीपर वर्षानुवर्षे ज्या मातीवर तापले आणि भिजले तिच्यात काय उतरले असेल, हे तपासून पाहणे अवाजवी म्हणता येणार नाही.

आता तपासणीविषयी. आपल्याकडील ऊस उत्पादकांना मातीपरीक्षण नवे नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा होण्याची शक्यता आहे. शेताचा नमुना घेताना आपण नागमोडी चालत ठिकठिकाणची माती गोळा करतो, ती एकत्र कालवतो आणि चार भाग करत अर्धा किलोवर आणतो. शेतासाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण तिथे सरासरी हवी असते. यार्डात मात्र विष एका कोपऱ्यात, राखेच्या खड्ड्यापाशी किंवा तेलाच्या टाकीखाली दडलेले असते. पन्नास ठिकाणच्या मातीत ते कालवले की अहवाल छान येतो आणि कोपरा तसाच राहतो. म्हणून इथे जागेची चौकटीचौकटींत आखणी करून, वेगवेगळ्या खोलीवरून, प्रत्येक नमुना स्वतंत्र तपासावा लागतो. सामू, नत्र, स्फुरद आणि पालाश सांगणाऱ्या नेहमीच्या अहवालात शिसे किंवा डिझेल यांचा रकानाही नसतो. शिवाय आपली जमीन बेसाल्टची असल्यामुळे तिच्यात क्रोमियम आणि निकेल मुळातच अधिक असते. तेव्हा जवळच्या, रेल्वेशी संबंध नसलेल्या जागेचा नमुना तुलनेला नसेल, तर अहवाल उगाच भीती घालील किंवा उगाच निर्धास्त करील.

साफसफाई अशक्य नसते, पण ती एकाच औषधाने होत नाही. डिझेल आणि वंगण खाणारे जिवाणू निसर्गात आहेत. तेलकट मातीचे ढीग करून त्यांना हवा, ओलावा आणि खत दिले की ते आपले काम करतात. आपल्याकडे टेरी या संस्थेने ‘ऑइलझॅपर’ नावाने असे जिवाणूंचे मिश्रण विकसित केले आणि तेलक्षेत्रांत ते वापरलेही गेले. शिसे आणि सोमल मात्र कोणताही जिवाणू संपवू शकत नाही. ती मूलद्रव्ये आहेत, त्यांना उचलून न्यावे लागते, मातीतच घट्ट बांधून ठेवावे लागते किंवा झाकावे लागते. जुन्या ओलसर भिंतींवर उगवणारे टेरिस विटाटा हे नेचे जमिनीतील सोमल शोषून पानांत साठवते, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तो शोध लाकूड टिकवण्याची रसायने मुरलेल्या जागेवरच लागला होता. शोध लोभस आहे. पण नेच्याला वर्षे लागतात आणि कापलेली पाने स्वतःच घातक कचरा ठरतात, हे अशा बातम्या पुढे पाठवताना लक्षात ठेवलेले बरे.

झाकण्याला माझा सरसकट विरोध नाही. पार्किंगखालची माती आणि जिथे दोन वर्षांचे मूल मातीत खेळून तोच हात तोंडात घालणार ती माती, यांना एकच मोजपट्टी लावणे शहाणपणाचे नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा खेळाच्या जागेची कसोटी सर्वांत कडक असायला हवी. माझा विरोध आहे तो गुपचूप झाकण्याला. खाली काय आहे, किती खोल आहे आणि वरचा थर कोणी, कधी तपासायचा, याची नोंद मिळकतपत्रिकेला जोडलेली नसेल, तर पंधरा वर्षांनी जलवाहिनीसाठी तिथे खोदणाऱ्या मजुराला ते कोण सांगणार? 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या शहरात झाकलेले झाकलेलेच राहील, असे गृहीत धरणेही धाडसाचे आहे.

खर्चाचा धडा लॉस एंजेलिसमध्ये दिसतो. तिथल्या टेलर यार्ड या जुन्या रेल्वे यार्डातील 42 एकर जागा शहराने 2017 मध्ये सुमारे 6 कोटी डॉलरना विकत घेतली. नदीकाठच्या उद्यानासाठी जागा मोक्याची होती, पण जमिनीत शिसे, सोमल आणि इंधनाचे अंश होते, आणि खरेदीनंतरची कित्येक वर्षे तपासण्यांत आणि साफसफाईच्या आराखड्यांत गेली. त्याच यार्डाच्या दुसऱ्या भागावर मात्र 2007 मध्येच उद्यान खुले झाले होते. लंडनमध्ये 2012 च्या ऑलिंपिकसाठी कारखाने, कचराभूमी आणि रेल्वेच्या साइडिंग्ज असलेली जमीन घेतली तेव्हा माती धुण्याची यंत्रेच जागेवर आणली गेली आणि बहुतांश माती तिथेच पुन्हा वापरली गेली. अर्थात त्यांच्याकडे ऑलिंपिकचा पैसा आणि ऑलिंपिकची तारीख होती. आपल्याकडे यांपैकी काही नाही, म्हणून आपली भिस्त कायद्यावर.

आणि कायदा आता आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच राजस्थानातील बिछडीच्या प्रकरणात लागू केले होते. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार संशयित जागांची माहिती जिल्हा पातळीवरून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायची आहे, प्राथमिक तपासणीला 90 दिवसांची मुदत आहे आणि जबाबदार व्यक्ती किंवा संस्था ठरवून खर्च तिच्याकडून घ्यायचा आहे. साफसफाई पूर्ण करण्याला मात्र सरसकट अंतिम मुदत घातलेली नाही, आणि ही उणीव मला मोठी वाटते. जमीन अजून मूळ मालकाच्या ताब्यात असताना झालेली तपासणी म्हणूनच मोलाची. पुढे ‘ही घाण आमच्या वेळची नव्हे’ असे म्हणायला जागाच उरत नाही.

अशा तपासणीची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसते, ती जुन्या नकाशांत आणि जुन्या माणसांच्या आठवणींत असते. तेव्हा ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कोणाचे वडील, आजोबा किंवा मामा आपल्या स्थानकावर, मालधक्क्यावर किंवा मिरजेच्या शेडमध्ये खलाशी, गँगमन किंवा फायरमन होते, त्यांनी घरी जरूर विचारावे: राख कुठे झाडत होते, तेलाचे पिंप कुठे रिकामे होत, जुने स्लीपर कुठे रचत? जे आठवेल ते इथे लिहावे, अंदाजे वर्ष आणि जवळची एखादी खूण सांगितली तरी चालेल. आलेली माहिती कागदी नकाशावर मांडण्याचे काम मी करीन.