‘नांगर टाका, सातबारा घ्या’: वनपट्ट्यांच्या मेसेजमधलं खरं किती?

धुळे, नंदुरबार, जळगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. सरकार आदिवासींना जंगल फुकट वाटतंय, झाडं तोडून नांगर टाकला की सातबारा होतो, पुढे पट्टे विकून लोक मोकळे होतात, आणि दावे बोगस असतात म्हणून तर फेटाळले जातात. यातलं एकेक पाहू.

‘फुकट वाटप.’ 2006 च्या वनहक्क कायद्यात वाटप नाहीच, मान्यता आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो कसत होता त्याचा ताबा मान्य करायचा, तोही प्रत्यक्ष कसलेल्या क्षेत्रापुरता, जास्तीत जास्त 4 हेक्टर. दीड एकर कसत असेल तर दीडच एकर. कायद्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. जंगलं राखीव झाली तेव्हा आत राहणाऱ्यांचे हक्क धड नोंदलेच गेले नाहीत, आणि भिल्ल, पावरा आपल्याच नेवाडात (जंगलात साफ करून कसलेल्या शेतात) अतिक्रमणदार ठरले. कायदा बिगर-आदिवासींनाही आहे. त्यांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

‘आज तोडा, उद्या पट्टा.’ 2005 नंतरचा ताबा थेट बाद. नवं तोडणारे कुठेच नाहीत असं कोणी म्हणणार नाही, पण त्यांना या कायद्यात जागा नाही. (सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीतली 33 गावं बाधित झाली. त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याची वनजमीन सरकारनेच मोकळी केली. त्या जंगलासाठी कुणी मेसेज फिरवत नाही.)

‘पट्टे विकतात.’ कलम 4(4) वाचा: हक्क वारसाने जातो, विकता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. स्टॅम्पपेपरवर घेणाऱ्याच्या हाती कागदच राहतो. जमिनी गेल्या त्या उलट दिशेने. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला, आणि शहाद्यात सत्तरच्या दशकात जमिनीवरूनच चळवळ उभी राहिली.

‘फेटाळला म्हणजे बोगस.’ खरी गडबड इथे आहे. दावा खोटा नसतानाही तो अनेकदा कागदात अडकतो.

पद्धत अशी. दावा ग्रामसभेकडे जातो. वनहक्क समिती जागेवर पाहणी करते, त्याआधी दावेदाराला आणि वनखात्याला नोटीस देते. पुढे प्रांताची उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पुरावे एकाहून जास्त लागतात: जुनी नोंद, रेशनकार्ड, बांध-सपाटीकरणासारख्या खुणा, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाची पावती नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं 2012 च्या दुरुस्तीनंतरचे नियम सांगतात. तरीही पावतीच मागितली जाते.

दुसरा घोळ उपग्रहाच्या चित्राचा. शेतात मोहाची मोठी झाडं राखलेली असतात, उतारावरचे तुकडे लहान असतात, एखाद्या वर्षी जमीन पडीक असते. वरून पाहिलं की सगळं जंगल. नियम म्हणतो की चित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही. जीपीएस मोजणीला दावेदार हजर नसला तर शेजाऱ्याचा तुकडा त्याच्या नावावर आणि त्याचा बाहेर, असंही होतं.

पाहणीला वनखात्याचा माणूस आला नाही आणि नंतर त्यांनी हरकत घेतली, तर दावा ग्रामसभेकडे परत पाठवून पुन्हा पाहणी करायची. तेव्हाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून नोटिशीची पोच जपून ठेवायची. ती हरवली की गावाचा मुद्दाच जातो.

आणि अपिलाची मुदत 60 दिवस, समितीला वाटलं तर आणखी 30. दिवाळीनंतर अर्धा पाडा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो. नामंजुरीचं पत्र दावेदाराच्या हातात द्यायचं असतं. ते ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहिलं तर घरी परतेपर्यंत मुदत टळते. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला तो थांबवला. थांबवण्याची विनंती केंद्र सरकारचीच होती.

तेव्हा फेटाळलेल्याने आधी लेखी कारण मागावं, पत्र हातात पडल्याची तारीख त्याच्यावर लिहून घ्यावी आणि पाहणीचा पंचनामा, नकाशा, ठराव यांच्या नकला काढाव्यात. प्रांताच्या समितीने नाकारलं तर जिल्हा समितीकडे जावं. तिथेही नाही झालं तर अनुसूचित क्षेत्रासाठी (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या गावांसाठी) 2020 पासून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, आणि खानदेशासाठी ती नाशिकला बसते.