सगळं खापर स्टिअरिंगखालच्या डबीवर

अमेरिकेत पिकअप ट्रक घेतला की पाठोपाठ ट्रेलर येतो. ट्रेलर ३,००० पौंडांच्या वर गेला, की अनेक राज्यांत कायदा सांगतो, त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. मग स्टिअरिंगखाली, नेमकी गुडघा आपटेल अशा जागी, ब्रेक कंट्रोलर नावाची डबी बसते. आपण ब्रेक दाबला की तिने ट्रेलरच्या चाकांतल्या विद्युतचुंबकांना करंट पाठवायचा, एवढंच तिचं काम. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण भर हायवेवर तिच्या स्क्रीनवर 'शॉर्ट' उमटलं, की माणूस तडक नवी डबी मागवतो. नवी डबीही तेच म्हणते.

मला तिची दयाच येते. घरात जो बोलतो त्याच्यावरच सगळं शेकतं, तशातली गत. बिघाड मागे कुठेतरी चिखलात, आणि शिव्या स्क्रीनला.

म्हणून आधी ट्रेलरचा प्लग काढा. 'शॉर्ट' गेलं तर दोष ट्रेलरमध्ये, राहिलं तर डबी ते बंपर यांच्यामध्ये. ही तपासणी फुकट आहे, बहुधा म्हणूनच कुणी करत नाही.

डबीला वायरी चारच. काळी बॅटरीची, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेक-लाइटच्या स्विचकडून येणारी, निळी ट्रेलरकडे जाणारी. डबीवर एक लिव्हरही असते, ती हाताने सरकवली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. या लिव्हरने ब्रेक लागतात पण पायाने लागत नाहीत? मग लाल वायर, पेडलवरचा स्विच किंवा त्याचा फ्यूज बघा. दोन्हींनी लागत नसतील तर निळी आणि पांढरी. त्यातही माझा पहिला संशय पांढरीवर. सात पिनांच्या प्लगमध्ये हिरवी बुरशी चढलेली असते आणि अर्थिंगचा स्क्रू थेट रंगावर आवळलेला असतो. रंग खरवडून खालचं लोखंड दिसेपर्यंत अर्थिंग झालं असं मी मानत नाही.

इथे लोक व्होल्ट मोजतात आणि फसतात. वायरीची एकच तार शिल्लक असली, तरी लोड नसताना मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. अँपिअर मोजा. १० किंवा १२ इंची ड्रमचा, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या गोल डब्याचा, प्रत्येक चुंबक साधारण ३ अँपिअर घेतो. म्हणजे चार चाकांना, लिव्हर पूर्ण सरकवल्यावर, १२ च्या आसपास. ९ आले तर एक चुंबक गेला, ६ आले तर दोन. साध्या मल्टीमीटरचा फ्यूज बहुधा १० अँपिअरचा असतो, तेव्हा वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वापरा. नाहीतर दुरुस्तीला दोन वस्तू होतात.

मीटर नसेल तर होकायंत्र चालतं. एकाने आत बसून लिव्हर सरकवायची, दुसऱ्याने ते ड्रमजवळ धरायचं. सुई हलली तर चुंबक जिवंत. मोजमाप काही मिळत नाही, संवाद मात्र मिळतो: "दाबलंस का?" "दाबलंय!" "आता?" "अगं, मघापासून दाबलंय!"

सगळ्यात लबाड बिघाड आसाच्या पोटात राहतो. एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वायर बऱ्याच ट्रेलरांत पोकळ आसामधून नेलेली असते. ती आत हिंदकळते, भोकाच्या कडेवर घासून तिचं आवरण सोलवटतं आणि मग खड्ड्याखड्ड्याला ती लोखंडाला टेकते. मेकॅनिकसमोर मात्र अगदी शहाण्यासारखी वागते. तिला बाहेर ओढत बसू नका. जुनी तिथेच तोडून टाका, आसाच्या बाहेरून नवी १२ गेजची वायर क्लिपा मारून न्या आणि जोड हीटश्रिंकने, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीने, झाका. पक्कडीने दाबून बसवायचे निळे प्लॅस्टिकचे जोड पावसात टिकत नाहीत.

करंट बरोबर, तरी ट्रेलर ढकलतोच? मग ड्रम उघडा. कुणीतरी उत्साहाने ग्रीस गन मारलेली असते, सील फुटून ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, ग्रीस प्यायलेले असतात. ते पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. नवे घातल्यावर चाक अधांतरी ठेवून शू पसरवणारी दातेरी चाकी ड्रम अडेपर्यंत आवळायची, मग साधारण दहा दाते सैल करायची.

गेन, म्हणजे डबीने ट्रेलरला किती जोरात ब्रेक लावायचा ते प्रमाण, लावायचा तो मोकळ्या सपाट रस्त्यावर, ब्रेक थोडे तापल्यावर, ताशी २५ मैलांना. फक्त लिव्हर सरकवा. ट्रेलरची चाकं अडली तर गेन कमी करा, ओढच जाणवली नाही तर वाढवा. ट्रेलरवरचं वजन बदललं की पुन्हा तेच.

राहिली ब्रेकअवे स्विचची पिन. ट्रेलर ट्रकपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा हा स्विच. ती खेचली की ट्रेलरच्या बॅटरीवर ब्रेक आवळले गेले पाहिजेत. पण आधी ट्रकचा प्लग काढा. नाहीतर तो करंट निळ्या वायरीतून उलटा डबीकडे चढतो, आणि मग ती खरोखरच बिघडू शकते.