समुद्र नसलेल्या गावातून
लेख आवडला. फ्रान्सच्या एस्नांद गावातलं शिंपल्यांच्या शेतीचं संग्रहालय, अन् त्यावर आम्ही धाराशिवात बसून वाचतोय! आमच्याकडं समुद्र नाही, पण शेती कळते. १२३५ मध्ये जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पॅट्रिक वॉल्टननं पक्षी धरायला चिखलात खांब रोवून जाळं लावलं अन् खांबांनाच शिंपले धरले, ही गोष्ट मला दंतकथाच वाटते. पद्धत मात्र भारी. शिंपल्यांची पिल्लं धरलेला दोर खांबाला गुंडाळायचा, पुढचं भरती-ओहोटी बघते. ना खत, ना खुराक. पाणी गाळून त्यातलंच सूक्ष्म खाद्य खायचं. आमच्या सोयाबीनला हे कोण शिकवणार? खांबांपर्यंत जायला एक गुडघा सपाट होडीत अन् दुसऱ्या पायानं चिखल रेटत जायचं, त्या होडीचा फोटो हवा होता राव.

बाकी आमचाही समुद्राशी जुना व्यवहार आहे. आमच्या जिल्ह्यातलं तेर गाव म्हणजे जुनं तगर, प्राचीन व्यापारी पेठ. इथला माल गाड्यांतून गुजरातच्या भडोच बंदराला जायचा, अन् उत्खननात शंखाच्या बांगड्याही निघाल्यात. लेखकांनी तेरचं लामतुरे संग्रहालय बघायला थंडीत यावं. शिंपले नाहीत, हुरडा नक्की मिळेल.