परी खेळायची तर तिच्या अटींसकट

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) सारख्या फाशांच्या भूमिका-खेळांत फेअरी, म्हणजे परी, हे पात्र तिच्या अटींसकट खेळावं, या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर हरकत घेतलीत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं: पहिल्याच लेव्हलला उडणारं पात्र डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या) तयारीवर पाणी फिरवतं, पऱ्या आल्या की गंभीर कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीचा, पोरखेळ होतो. आणि सगळ्यात जोरात म्हणजे, दिलेला शब्द मोडता न येणं, खोटं न बोलणं, लोखंडाचं वावडं असल्या अटी घालणं म्हणजे खेळाडूच्या हातातून त्याचं पात्र काढून घेणं.

उडण्याचं आधी उरकतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत २०२१ साली आलेली फेअरी चालण्याच्याच वेगानं उडते, पण मध्यम किंवा जड चिलखत घालून तिला उडता येत नाही. हवेत कुणी आडवं पाडलं किंवा वेग शून्यावर आणला की ती कोसळते, आणि दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा एवढी इजा. ३० फुटांवरून पडली तर सरासरी साडेदहा. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसायचे गुण, ६, वर कॉन्स्टिट्यूशनचं (काटकपणाचं) काय असेल ते. दरी ओलांडायचं कोडं बाद होतं हे मान्य. होऊ द्या की, दरीवर कॅम्पेन तोलून धरलंय कुणी?

मला तिच्या पंखांपेक्षा तिचा प्रकार महत्त्वाचा वाटतो. नियमांत ती 'फे' (परीलोकातला जीव) आहे, ह्युमनॉइड (माणसासारखा जीव) नाही. त्यामुळे ह्युमनॉइडांनाच जखडणारा होल्ड पर्सन हा मंत्र तिला लागत नाही. तुम्ही म्हणाल, आणखी एक फुकटचा फायदा. पण ती मूळची फीवाइल्डची, म्हणजे पऱ्यांच्या जगातली असेल, तर शत्रूनं टाकलेलं बॅनिशमेंट (या जगातून हाकलणारा मंत्र) पूर्ण मिनिटभर टिकलं की ती थेट घरी पोचते आणि आपोआप परत येत नाही. शेजारचा माणूस योद्धा त्याच मंत्रातून फार तर मिनिटभरात परततो. कुठून आलो याची किंमत नियमांनीच लावून ठेवली आहे.

पोरखेळाबद्दल एवढंच, की बोटभर उंचीच्या गोड पऱ्या ही जुन्या लोककथांची एकमेव परंपरा नव्हे. पऱ्यांच्या राणीनं धरून नेलेल्या टॅम लिनच्या स्कॉटिश कथागीतात पऱ्यांना दर सात वर्षांनी नरकाला खंडणी द्यावी लागते, आणि या खेपेला आपला नंबर लागणार अशी टॅम लिनला धास्ती आहे. यात पोरकट काय आहे, सांगा.

त्याच कथेत तुमच्या मुख्य हरकतीचंही उत्तर आहे. त्याची प्रेयसी जेनेट त्याला घोड्यावरून खाली ओढते आणि घट्ट धरून ठेवते. तो तिच्या मिठीत साप होतो, सिंह होतो, तापलेलं लोखंड होतो, ती सोडत नाही. मग राणी काय करते? चडफडते, शिव्याशाप देते आणि निघून जाते. एवढी ताकद असून, शेवटपर्यंत धरून ठेवलं की माणूस सुटतो या नियमापुढे तिचं काही चालत नाही. मर्त्य माणसाची मुलगी जिंकते, कारण तिला नियम ठाऊक असतो.

अट दोन्ही बाजूंना लागू असते, हे आपण टेबलावर विसरतो. तुमच्या डीएमनं तुमच्या पात्राच्या तोंडून निघालेल्या एका 'आभारी आहे' वरून त्याला राणीचा गुलाम केलं, असं तुम्ही लिहिलंय. हा अटीचा दोष नाही, अट लपवून ठेवण्याचा आहे. असल्या डीएमपासून चार हात लांबच राहावं. पण समजा आभार मानले की ऋणी होतो, हा नियम पहिल्या सेशनलाच सगळ्यांसमोर मांडला असता, तर तुमच्या फेअरीनं बरे केलेले सगळे जखमी फे शिपाई आभार मानताच तिचे ऋणी झाले असते. राणीच्याच दरबारात वसुलीला उभं राहण्यासारखा दुसरा सीन नाही! तेव्हा घाम डीएमला फुटला असता.

२००७ च्या 'चेंजलिंग: द लॉस्ट' या दुसऱ्या भूमिका-खेळात शपथांना पूर्ण नियमच आहेत: काय करायचं, त्याबदल्यात काय मिळेल, मोडली तर कोणती शिक्षा, मुदत किती. खेळाडू तिथे बंधन ओढवून घ्यायला स्वतः पुढे येतात, कारण त्यातून काहीतरी हाती लागतं. डी अँड डी मध्ये ही सोय नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांत कोल्ड आयर्नचं (पऱ्यांना बाधणाऱ्या खास लोखंडाचं) हत्यार नसेल तर पिक्सीवरच्या, म्हणजे छोट्या परीवरच्या, वारातली बरीचशी इजा वाया जायची, पाचवीत तेही गेलं. म्हणून अटी आपल्याला घालाव्या लागतात.

मी एकच अट ठेवतो आणि ती खेळाडूलाच निवडायला सांगतो. माझी लाडकी अट ब्राउनीची, म्हणजे घरात गुपचूप कामं करणाऱ्या बुटक्या परीजीवाची आहे. लोककथेत त्याला कपडे भेट दिले किंवा मोबदला देऊ केला की तो घर सोडून जातो. आता लुटीतला त्याचा वाटा कसा द्यायचा? पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, ती नाणी त्याच्या वाटेत 'चुकून' सांडावी लागतात, आणि पार्टी फोडायची असेल तर खलनायकाला एक छान सदरा शिवून आणणं पुरे. कॅरेक्टर शीटवरच्या एका ओळीतून एवढं निघतं. ती ओळ सगळ्यांना दिसेल अशी लिहायची, मोडल्यावर काय होईल ते आधी ठरवायचं, आणि त्या जातीच्या प्रत्येक एनपीसीला (डीएम खेळवतो त्या पात्राला) तीच लागू करायची.

एखाद्याला कुठलीच अट नको असेल तर? जबरदस्ती नाही. त्याला पंख हवे असतात, परी नको असते. त्यानं आराकोक्रा, म्हणजे उडणारा पक्षीमानव, घ्यावा, मी खुशीनं खेळवीन.